सकारात्मक विचारांची शिकवण आणि अपयशाचा दोष

साशंक (धागालेखन)

सकारात्मक विचार करणाऱ्याच्या आयुष्यात चांगल्या गोष्टी घडतात आणि नकारात्मक विचार करणारा स्वतःवर संकटे ओढवून घेतो, हे विधान आता इतक्या वेळा कानांवर पडते की तो एक दावा आहे, तो तपासता येतो आणि तपासणीत तो चुकीचाही ठरू शकतो, याचे भान सुटत चालले आहे. पुस्तके, व्याख्याने, कार्यशाळा, चित्रफिती आणि मोबाइलवरील ॲप यांच्या आधाराने या विधानाचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. आशा बाळगणाऱ्यांबद्दल किंवा आनंदी स्वभावाच्या माणसांबद्दल मला काहीच तक्रार करायची नाही. माझा आक्षेप या शिकवणीच्या रचनेला आहे, कारण तिच्यात यश आले तर श्रेय शिकवणीला मिळते आणि अपयश आले तर दोष शिकणाऱ्याच्या माथी मारला जातो.

एखादे औषध लागू पडले नाही तर आपण औषधाच्या गुणाविषयी प्रश्न विचारतो आणि डॉक्टरही मात्रा किंवा औषध बदलून पाहतात. सकारात्मक विचारांच्या शिकवणीत मात्र 'तुमचा विश्वास पुरेसा दृढ नव्हता', 'वरवर तुम्ही हो म्हणत होतात, पण अंतर्मनात शंका होती' अशी उत्तरे आधीपासून तयार असतात. अंतर्मनात शंका होती की नव्हती, हे तपासण्याचे साधन कोणाकडेच नसल्यामुळे ही उत्तरे कधीही खोटी पाडता येत नाहीत. जो दावा कोणत्याही परिस्थितीत खोटा ठरूच शकत नाही, त्याच्या बाजूने सांगितलेल्या यशाच्या कथांना पुरावा म्हणून काय मोल द्यायचे?

चर्चेत गोंधळ होतो तो तीन वेगवेगळे दावे एकाच नावाखाली फिरत असल्यामुळे. मन प्रसन्न असले की दिवस सुसह्य होतो, हा पहिला दावा, आणि त्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. यश मिळेल असे वाटत असेल तर माणूस अधिक नेटाने प्रयत्न करतो, हा दुसरा, आणि तो बऱ्याच अंशी, काही अटींसह, खरा आहे. आपल्या विचारांमुळे बाहेरचे जग बदलते, पैसा, आरोग्य आणि माणसे आपल्याकडे खेचली जातात, हा तिसरा. जाहिरातीत तिसरा दावा विकला जातो आणि कोणी हरकत घेतली की 'आनंदी राहण्यात वाईट ते काय?' असे विचारून पहिल्या दाव्याच्या आडोशाला उभे राहता येते.

तिसऱ्या दाव्याचे आजचे रूप फार जुने नाही. अमेरिकेतील मेन राज्यात घड्याळे बनवण्याचा व्यवसाय करणारे फिनियस क्विम्बी (१८०२–१८६६) संमोहनाकडे वळले आणि आजार हा चुकीच्या समजुतीचा परिणाम असून समजूत दुरुस्त केली की शरीर बरे होते, अशा निष्कर्षाला आले. त्यांच्या विचारांतून 'न्यू थॉट' या नावाने ओळखली जाणारी चळवळ पुढे आली. त्या काळातील डॉक्टर रक्त काढणे, पाऱ्याची औषधे देणे असे उपचार सर्रास करत असत, त्यामुळे शरीराला हात न लावता धीर देणारा माणूस रुग्णांना अधिक जवळचा वाटला असल्यास नवल नाही. पुढे हा विचार आजाराकडून पैशाकडे सरकला. नेपोलियन हिल यांचे श्रीमंतीच्या मानसिक सूत्रांवरील पुस्तक १९३७ मध्ये, म्हणजे महामंदीच्या काळात आले. काम करण्याची तयारी असूनही ज्यांना काम मिळत नव्हते अशा असंख्य लोकांच्या समाजात, श्रीमंतीचा उगम माणसाच्या इच्छेत आहे असे सांगणारे हे पुस्तक प्रचंड खपले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९५२ मध्ये धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी 'सकारात्मक विचार' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचवला आणि २००६ मध्ये रोंडा बर्न यांच्या 'द सीक्रेट' या माहितीपटाने व त्याच नावाच्या पुस्तकाने 'आकर्षणाचा नियम' हा थेट निसर्गनियम असल्याप्रमाणे मांडला. याआधी १८५९ मध्ये सॅम्युएल स्माइल्स यांनी 'सेल्फ-हेल्प' लिहिले होते. त्यावरही गंभीर आक्षेप घेता येतात, पण त्यात भर चिकाटी, काटकसर आणि श्रम यांच्यावर होता. पुढच्या ऐंशी वर्षांत कष्टाची जागा कल्पनेने घेतली.

आता पुराव्याकडे वळू. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: आपल्याला यश मिळेल असा अंदाज किती जणींना होता आणि यशाची स्वप्ने किती गोड रंगवली जात होती. ज्यांना यशाचा अंदाज होता त्यांचे वजन अधिक उतरले, पण ज्या सडपातळ झालेल्या स्वतःची सुंदर चित्रे मनात रंगवत होत्या त्यांचे वजन तुलनेने कमी उतरले. अभ्यास लहान होता, परंतु नोकरीच्या शोधात असलेले पदवीधर आणि इतर गटांमध्येही ओटिंगेन यांना पुढे हाच भेद आढळला. अंदाज हा मागील अनुभवावर उभा असतो, स्वप्नरंजनाला अनुभवाची गरज नसते, आणि मनाने यश आधीच उपभोगले की ते मिळवण्यासाठी लागणारा जोर ओसरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतो: उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज डोळ्यांसमोर आणणाऱ्यांपेक्षा आपण अभ्यासाला बसलो आहोत असे चित्र आणणाऱ्यांनी अधिक अभ्यास केला आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. जे चित्र रंगवण्याचा सल्ला ही पुस्तके सर्वाधिक आग्रहाने देतात, नेमके तेच चित्र कमी उपयोगाचे ठरले.

मात्र मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती या शिकवणीची नैतिक बाजू. विचारांनी सुख खेचून आणता येत असेल, तर दुःखही विचारांनीच ओढवलेले असले पाहिजे. हा निष्कर्ष टाळता येत नाही आणि या पंथातील अनेक लेखक तो टाळतही नाहीत. मग अपघातात सापडलेला, नोकरी गेलेला, कर्करोग झालेला, हिंसा सोसलेली स्त्री, हे सर्व आपापल्या दुःखाचे कर्ते ठरतात. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, विजेचे धक्के सोसत असल्याचे भासवणाऱ्या एका स्त्रीकडे पाहणाऱ्यांना तिला मदत करण्याचा मार्ग दिला नाही, तेव्हा ते तिलाच कमी लेखू लागले. जग न्याय्य आहे हा विश्वास टिकवण्यासाठी माणूस पीडिताला दोषी ठरवतो, असे लर्नर यांनी त्यावरून मांडले. आकर्षणाचा नियम याच प्रवृत्तीला तत्त्वज्ञानाचा दर्जा देतो.

ज्यांना या शिकवणीचा उपयोग झाला आहे त्यांचे म्हणणे मला मनापासून वाचायचे आहे. विरोधी मत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू

साशंक, तुमचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण ते एकांगी आहे असे मला वाटते. माझ्या आयुष्यात एक काळ असा होता की सकाळी उठण्याचेही कारण सापडत नव्हते. त्या काळात अशाच एका पुस्तकाने मला आधार दिला. त्यातील 'विश्व तुमचे ऐकते' ही भाषा मला तेव्हाही पटली नव्हती, पण रोज थोडे चाला, एक काम पूर्ण करा, कोणाचे तरी आभार माना, या सूचना मी पाळल्या आणि मला उभे राहता आले. बुडणाऱ्याला काडीचा आधार असतो. ती काडी कोणत्या झाडाची आहे आणि तिच्यामागचे तत्त्वज्ञान शास्त्रशुद्ध आहे का, हे त्या क्षणी त्याने विचारावे असे आपल्याला वाटते का?

शिवाय आशावादाचे लाभ संशोधनातही नोंदले गेले आहेत. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर यांनी १९८५ मध्ये आशावाद मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या १९८९ च्या अभ्यासात हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी आशावादी रुग्ण लवकर सावरले आणि लवकर नेहमीच्या आयुष्यात परतले. हे तुमच्या लेखात का नाही?

कवडसा

माझ्या आईच्या आजारपणातील अनुभव लिहिते, कारण वाटसरू यांचा प्रश्न मलाही बराच काळ पडला होता.

आईला कर्करोगाचे निदान झाल्यापासून भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिला 'मनाने खचू नका, सकारात्मक राहा, म्हणजे नक्की बऱ्या व्हाल' असे सांगत असे. सांगणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी प्रेमच होते. पण हळूहळू आई भीतीबद्दल बोलेनाशी झाली. रात्री झोप लागत नाही, हे तिने डॉक्टरांनाही सांगितले नाही, कारण ते सांगणे म्हणजे आपण खचलो असे कबूल करणे आणि खचणे म्हणजे आजाराला वाट मोकळी करून देणे, असे तिच्या मनाने घेतले होते. पुढे आजार पुन्हा डोके वर काढू लागला तेव्हा तिने मला पहिला प्रश्न विचारला तो, 'माझे कुठे चुकले?' हा. आजारी माणसाने वेदनेबरोबर अपराधीपणही वाहावे, हे मला आजही सहन होत नाही. वाटसरू, तुम्हाला मिळालेला आधार खरा आहे, त्याचा मी अनादर करत नाही. पण त्याच शिकवणीने माझ्या आईला मोकळेपणाने रडण्याची सोय ठेवली नाही, हेही तितकेच खरे आहे.

तळटीप

कवडसा, तुमच्या आईंना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर संशोधनाने दिले आहे, आणि 'तुमचे काहीही चुकले नाही' असेच ते आहे.

कर्करोग आणि मनःस्थिती यांच्या संबंधाच्या चर्चेला मोठी चालना मिळाली ती डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ च्या अभ्यासाने. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या आधारगटात, म्हणजे रुग्णांनी एकत्र बसून मन मोकळे करण्याच्या गटात, सहभागी झाल्या त्या अधिक काळ जगल्या, असे त्यात दिसले. या निष्कर्षाने जगभर आशा निर्माण केली. शास्त्रात जे करायला हवे ते नंतर झाले, म्हणजे अधिक मोठ्या गटावर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधारगटामुळे त्या स्त्रियांचे मानसिक क्लेश कमी झाले आणि वेदनाही कमी जाणवल्या, पण आयुर्मान वाढले नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचा सर्वसाधारण लाभ दिसला नाही आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. भावनिक स्वास्थ्य चांगले असण्याचा आणि जगण्याच्या कालावधीचा संबंध त्यांना आढळला नाही.

यातून आधारगट निरुपयोगी ठरत नाहीत. क्लेश कमी होणे हेच पुरेसे कारण आहे. फक्त त्यासाठी जीव वाचवण्याचे खोटे आश्वासन देण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा या व्यवसायातील आकडेवारीचा. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतील ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या सर्वांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा अधिक निघाली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. असा अभ्यास झालाच नव्हता. शोध घेणाऱ्यांना त्याचा कोणताही माग सापडला नाही, तरीही ती व्यासपीठांवरून अजून सांगितली जाते. '२१ दिवसांत सवय लागते' हे सूत्र मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातील निरीक्षणावरून आले. बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे ते निरीक्षण होते. पुढे 'किमान' हा शब्द गळून पडला आणि चेहऱ्याची जागा कोणत्याही सवयीने घेतली. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले आणि व्यक्तिगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले. बाविसाव्या दिवशी ज्याला व्यायाम जड वाटतो तो स्वतःला नालायक समजतो, हा या सोप्या आकड्याचा खरा तोटा आहे.

संशोधकांनाही ही भुरळ पडते, हे सांगायलाच हवे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्सियल लोसाडा यांनी २००५ मध्ये, माणूस बहरण्यासाठी सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचे प्रमाण किमान २.९०१३ असावे, असा दावा मान्यवर नियतकालिकात केला. भावना चौथ्या दशांश स्थळापर्यंत मोजता येतात, हे वाचून कोणालाही शंका यायला हवी होती, पण आठ वर्षे तो आकडा सर्वत्र उद्धृत होत राहिला. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागील गणिताला काहीही आधार नसल्याचे दाखवले आणि मूळ लेखातील गणिती भाग मागे घेतला गेला.

हाच निकष आपल्या बाजूच्या पुराव्यालाही लावला पाहिजे. जोआन वुड यांच्या २००९ च्या प्रयोगाचा दाखला टीकाकार नेहमी देतात. कमी आत्मसन्मान असलेल्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असे घोकल्यावर त्यांना अधिक वाईट वाटले, असे त्यात आढळले होते. नंतर हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना तसा अपाय आढळला नाही. त्यामुळे घोकंपट्टीने हमखास नुकसान होते, असे म्हणणे आज योग्य नाही.

साशंक

वाटसरू, तुमचा प्रश्न रास्त आहे. शायर आणि कार्व्हर यांचे संशोधन मी नाकारत नाही. पण त्यांनी मोजला तो माणसाचा आधीपासून असलेला स्वभाव. ज्याचा स्वभाव आशावादी आहे त्याच्या वाट्याला बहुधा बरे अनुभव आलेले असतात, त्याला माणसांचा आधार असतो, तो औषधे वेळेवर घेतो. अशा स्वभावाच्या माणसांची प्रकृती लवकर सुधारते, यावरून ज्याचा स्वभाव तसा नाही त्याला 'आशावादी हो' असा आदेश दिल्याने तोच लाभ होईल, हे सिद्ध होत नाही. उलट ज्युली नोरेम यांच्या संशोधनात असे लोक दिसतात जे काय काय बिघडू शकते याची आधी यादी करतात, त्यानुसार तयारी करतात आणि कामही उत्तम करतात. त्यांना बळजबरीने आश्वस्त केले तर त्यांची कामगिरी खालावते. ज्याला चिंता करून तयारी करण्याची रीत मानवते, त्याच्या चिंतेला दोष म्हणणे अन्यायाचे आहे.

तुमच्या अनुभवाबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की विश्वाची भाषा तुम्हाला पटली नव्हती आणि तुम्ही चालणे, काम पूर्ण करणे या सूचना पाळल्या. म्हणजे तुम्हाला उभे केले ते तुमच्या कृतीने. त्याचे श्रेय पुस्तकाला द्या, पण त्याहून अधिक स्वतःला द्या.

निर्झर

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून वाटसरू आणि साशंक यांच्यामधील हा दुवा थोडा स्पष्ट करते.

वाटसरू यांनी जे केले त्याच्या जवळ जाणारी पद्धत उपचारांत वापरली जाते. नैराश्यात माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे समाधान देणारे प्रसंग कमी होतात आणि नैराश्य वाढते. म्हणून उत्साह येण्याची वाट न पाहता छोट्या कृती ठरवून करायच्या, हा त्या उपचाराचा गाभा. त्यात विचार सकारात्मक करण्याची अट नसते.

ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या विचारपद्धतीच्या उपचारालाही (कॉग्निटिव्ह थेरपी) लोक सकारात्मक विचार समजतात. तो गैरसमज आहे. 'मी कशातच यशस्वी होत नाही' असे कोणी म्हणाले तर आम्ही 'मी यशस्वी आहे' असे म्हणायला शिकवत नाही. त्या विधानाच्या बाजूने काय पुरावा आहे, विरुद्ध काय आहे, आणि दोन्ही पाहून अधिक अचूक विधान कोणते होईल, हे त्या व्यक्तीबरोबर बसून शोधतो. कधी कधी अचूक विधान कटूही निघते: नोकरी खरोखर धोक्यात असते, नाते खरोखर संपलेले असते. तेव्हा पुढचे काम त्या वास्तवाशी करायचे असते.

सर्व स्वमदत पुस्तकांना एकाच मापाने मोजणेही बरोबर होणार नाही. डेव्हिड बर्न्स यांचे नैराश्यावरील १९८० चे पुस्तक वाचायला देऊन त्याचा परिणाम नियंत्रित अभ्यासांत तपासला गेला आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात त्याचा उपयोग दिसला. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना तयार करणारी 'नाइस' ही संस्था कमी तीव्रतेच्या नैराश्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखालील स्वमदतीची शिफारस करते. असे पुस्तक आपली मर्यादा सांगते, कोणत्या अवस्थेत डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे हे सांगते. मर्यादा न सांगणाऱ्या पुस्तकापासून किंवा व्यक्तीपासून सावध राहावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते. विशेषतः कोणी औषधे थांबवायला सांगितली तर त्याच क्षणी तिथून निघावे.

ओळख

मी आजवर केवळ वाचत होतो. एक शंका आहे. हे सर्व इतके पोकळ असेल तर कार्यशाळेतून बाहेर पडणारे हजारो लोक आपल्यात बदल झाल्याचे मनापासून का सांगतात? ते सगळे खोटे बोलत आहेत असे मला वाटत नाही.

तळटीप

ओळख, ते खोटे बोलत नाहीत. माणूस अशा ठिकाणी बहुधा अत्यंत वाईट काळात जातो, आणि अत्यंत वाईट काळानंतर काहीही न करताही थोडा बरा काळ येण्याची शक्यता अधिक असते. त्या सुधारणेचे श्रेय मध्ये जे काही केले त्याला मिळते. शिवाय तिथे सांगितले जाणारे वर्णन प्रत्येकाला आपलेच वाटते. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे विश्लेषण म्हणून एकच मजकूर दिला, आणि तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

आणि ज्यांना काहीच मिळाले नाही ते व्यासपीठावर येत नाहीत. प्राचीन रोममधील लेखक सिसेरोने सांगितलेली एक जुनी गोष्ट आहे. देवांना नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रे मंदिरात दाखवून एकाने डायागोरस या नास्तिक ग्रीकाला विचारले की आता तरी देव माणसांची काळजी घेतात हे पटले का. त्यावर त्याने बुडालेल्यांची चित्रे कुठे आहेत, असे विचारले. दोन हजार वर्षांनंतरही या व्यवसायाला विचारण्याजोगा याहून नेमका प्रश्न मला सापडलेला नाही.

समूहाच्या दबावाचा परिणाम कुठवर जातो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे 'द सीक्रेट'मध्ये झळकलेले जेम्स आर्थर रे. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲरिझोनातील सेडोना येथे त्यांच्या शिबिरात बंदिस्त, तापवलेल्या तंबूत सहभागींना बसवण्यात आले. त्रास होत असतानाही सहन करत राहण्याचे प्रोत्साहन दिले गेले आणि तीन जणांचा मृत्यू झाला. २०११ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याबद्दल न्यायालयाने रे यांना दोषी ठरवले. शरीर 'थांब' म्हणत असताना तो आवाज म्हणजे मनाचा दुबळेपणा आहे असे शिकवले, की असे घडू शकते.

वाटसरू

सर्वांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. कवडसा, तुमच्या आईंचा प्रश्न मनातून जात नाही. माझे मत पूर्ण बदललेले नाही. ज्याच्याजवळ समुपदेशकाकडे जाण्याइतके पैसे नाहीत, ज्याच्याशी बोलायला घरात कोणी नाही, त्याच्या हाती पुस्तकच येते, आणि त्या माणसाकडून ते पुस्तक काढून घेण्याआधी आपण त्याला दुसरे काय देणार आहोत, हा माझा प्रश्न कायम आहे.

साशंक

हा प्रश्न मला मान्य आहे, आणि त्याची एक सामाजिक बाजूही आहे. अमेरिकन लेखिका बार्बरा एरनराइक यांनी स्वतःच्या स्तनाच्या कर्करोगाच्या अनुभवानंतर २००९ मध्ये या विचारसरणीवर पुस्तक लिहिले. त्या स्वतः जीवशास्त्रातील पीएच.डी. होत्या. कंपन्या कर्मचारी कपात करताना प्रेरक वक्त्यांना बोलावतात आणि नोकरी गमावलेल्यांना ही संधी समजण्यास सांगतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अशा वेळी 'माझी वृत्ती कशी सुधारू?' हा प्रश्न माणसाच्या हाती दिला जातो आणि 'हा निर्णय कोणी घेतला, का घेतला, भरपाई काय?' हे प्रश्न मागे पडतात. एकट्या माणसाला पुस्तकावाचून दुसरा आधार उरत नाही, ही त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेची उणीव आहे. उपचार परवडणारे करा, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता द्या, ही मागणी करायला प्रसन्न चेहरा लागत नाही, एकत्र यावे लागते.

ओळख

निर्झर, एक व्यावहारिक प्रश्न. ध्येयाचा विचारच करू नये का? करायचा तर कसा?

निर्झर

जरूर करावा. ओटिंगेन यांनी टीकेबरोबर पर्यायही दिला आहे. आधी इच्छा आणि तिचे उत्तम फलित डोळ्यांसमोर आणायचे, आणि लगेच, त्याच बैठकीत, आपल्या मार्गातील खरा अडथळा तितक्याच स्पष्टपणे पाहायचा. त्यानंतर पीटर गॉलविट्झर यांच्या पद्धतीप्रमाणे 'अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन' असे ठरवून ठेवायचे. उदाहरणार्थ, संध्याकाळी थकून अभ्यास टळत असेल तर 'घरी आल्यावर बसण्याआधी वही उघडीन' इतके बारीक. गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला आणि नुसत्या निश्चयापेक्षा अशा योजनेचा परिणाम लक्षणीय आढळला.

यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. अडथळा नीट पाहिल्यावर तो ओलांडण्याजोगा नाही असे दिसले, तर या पद्धतीत माणूस ते ध्येय सोडून देतो आणि ते अपयश मानले जात नाही. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या संशोधनात, अप्राप्य ध्येय सोडून दुसऱ्या अर्थपूर्ण ध्येयाकडे वळू शकणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले आढळले. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना 'आता हे सोडले तरी चालेल' हे वाक्य कोणीतरी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलेले असते. ते ऐकल्यावर बहुतेक जण आधी विश्वास ठेवत नाहीत, मग बराच वेळ बोलतात, आणि मग पुढच्या महिन्यात नेमके काय करायचे याची यादी करायला लागतात.